आत्याबाईंची खुर्ची

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला पहिला माणूस मी. हे मी कुणी न विचारताही सांगतो. कळमेश्वरच्या पलीकडे आमचं गाव. आजोबा कापसात राबले, वडील कापसात राबले, आणि मी नागपूरच्या कॉलेजात दगडांचं शिक्षण घेतलं. त्याला भूगर्भशास्त्र म्हणतात. वडील मात्र बाजारात भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या वावरातले धोंडे वेचता वेचताच पोरगा शिकला."

नोकरीही दगडांचीच लागली. जमिनीखाली कुठे काय सापडतं ते शोधणारं एक सरकारी खातं होतं. दिवाळी झाली की ऑफिसातली निम्मी माणसं आणि निम्मं सामान ट्रकमध्ये भरून जंगलात जायचं, आणि होळीच्या सुमारास सगळे काळे होऊन परत यायचे. आमचा कॅम्प देवलापारच्या पुढे, सडक सोडून आत, जिथे जीपसुद्धा दोनदा विचार करून जायची, तिथे पडला होता. नाल्याच्या काठी तंबू, मागे सागाचं जंगल, आणि सगळ्यात जवळचं दुकान एवढं लांब की काडीपेटी संपली तर ती संपलीच.

लोकांना वाटायचं, जंगलात याचे हाल होत असतील. कसले हाल! गावात मी बाजेवर झोपलो, विहिरीवर आंघोळ केली, कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. जंगलात सरकारने मला घडीची खाट दिली, मच्छरदाणी दिली, घडीचं टेबल, कॅनव्हासच्या खुर्च्या, पेट्रोमॅक्स, स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर दिला. आंघोळीला कॅनव्हासचा टब होता. तो भरला की एका बाजूने फुगायचा आणि दुसऱ्या बाजूने निम्मं पाणी नाल्याला परत द्यायचा, ते सोडा. पण टब होता. संध्याकाळी तंबूंसमोर शेकोटी पेटायची आणि आम्ही तिच्याभोवती पाय पसरून बसायचो. गावात जे सुख मिळालं नाही, ते मला वाघाच्या शेजारी मिळालं.

हे सगळं मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सांगून आलो होतो.

मुलगी हुडकेश्वरची. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे शेतं, बाभळी आणि मधून जाणारी बैलबंडीची वाट. मुलगी मॅट्रिक झालेली. चहा देऊन ती आत जाता जाता थांबली आणि म्हणाली, "नुसते दगड पाहाचा पगार भेटते?" मी हो म्हटलं. ती हसली आणि आत गेली. माझं लग्न माझ्यापुरतं तिथेच लागलं. तिचाही होकार दुसऱ्या दिवशी कळला. तिच्या वडिलांना सरकारी नोकरीवाला जावई हवाच होता. अडलं होतं ते आत्याबाईंपाशी.

आत्याबाई म्हणजे मुलीच्या वडिलांची मोठी बहीण. तरुणपणीच कुंकू गेलं, माहेरी परत आल्या, आणि मुलीची आई वारल्यावर तिला त्यांनीच वाढवलं. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग आपली एकच अट सांगितली. त्यांनी जन्मभर हातात डबा घेऊन, पावसाचिखलात, विंचवाकाट्यात, बायकांच्या घोळक्यातून बाहेर जाणं सोसलं होतं. पोरीला ते सोसायला लावणार नाही. जिथे घरात संडास नाही, तिथे पोरगी द्यायची नाही. नागपुरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत होता, ते त्या पाहून गेल्या. पण अर्धं वर्ष पोरगी जंगलात राहणार, तिथे काय? मी म्हटलं, जंगलातही सगळी सोय आहे. त्या म्हणाल्या, "मंग पाहून घेतो."

मला वाटलं, म्हणायची पद्धत असते. पण त्या खरंच निघाल्या.

आता खरं काय होतं ते सांगतो. कॅम्पमध्ये इतर सगळी सोय होती, पण ती एक सोय म्हणजे ज्याची त्याची झुडपं. साहेबांचंही झुडूपच. निरोप आला तेव्हा मी दोन मजूर लावून तंबूंच्या मागे खड्डा खणून घेतला, चारी बाजूंनी बांबूचे तट्टे उभे केले, वर पळसाची पानं टाकली. इतकं देखणं झालं की मलाच आत जाऊन उभं राहावंसं वाटलं. पाहुणे यायच्या आदल्या रात्री रानडुकरं आली आणि सगळं उलथवून गेली. तट्टे नाल्यात, पानं रानभर, आणि खड्ड्यात एक पिल्लू बसलेलं. ते सकाळी काढलं, तर ते माझ्यावरच चिडलं.

पाहुणे देवलापारपर्यंत बसने आले आणि पुढे आमच्या जीपने. साहेब दिवसभर डोंगराच्या पलीकडे पायी फिरतीवर गेले होते, संध्याकाळी जीप त्यांना आणायला जाणार होती. मुलीचे वडील उतरले, हातात संत्र्यांची पेटी, काखेत पिशवी. मागून आत्याबाई, एक हात ड्रायव्हरच्या खांद्यावर आणि एक आपल्या गुडघ्यावर. त्यांचे गुडघे पार गेले होते. जमिनीवर बसल्या तर उठायला माणूस लागायचा.

मी वडिलांना कॅनव्हासच्या खुर्चीवर बसवलं. वडील अंगाने भरलेले. खुर्चीने त्यांना क्षणभर धरलं आणि मग पुस्तक मिटावं तशी त्यांच्यासकट मिटली. ड्रायव्हर आणि स्वयंपाकी यांनी त्यांना बाहेर काढलं. आत्याबाईंनी दुसऱ्या कॅनव्हासच्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी उभीच बरी."

आता ज्या बाईच्या हातात माझं लग्न, तिला उभं ठेवायचं? तेवढ्यात आमचा स्वयंपाकी म्हणाला, "बाबूसाहेब, माही खुर्ची देऊ का?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वयंपाकाच्या तंबूतून त्याने ती आणून ठेवली.

या खुर्चीबद्दल थोडं सांगायला हवं. सागवानी, भक्कम, दोन्ही बाजूंना हात, सरळ पाठ. बसायच्या जागी झाकण. झाकण उचललं की खाली गोल भोक, आणि त्या भोकात बसायला एनॅमलचं पांढरंशुभ्र, निळ्या काठाचं भांडं. इंग्रजांच्या काळापासून साहेबाच्या कॅम्पसामानात ही खुर्ची द्यायची पद्धत होती आणि ती अजून कुणी मोडली नव्हती. साहेबाने जंगलात बसून जे करायचं, ते त्या खुर्चीवर करावं असा सरकारचा हेतू. पण आमचे साहेब अलाहाबादकडचे, लोटा घेऊन नाल्याकडे जाणारे. त्यांनी ती खुर्ची एकदा पाहिली आणि "हटाओ इसे" म्हणाले. स्वयंपाक्याने ती हटवून आपल्या तंबूत नेली आणि तिच्यावर बसून कांदे चिरू लागला. ती काय वस्तू आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, कारण सामान मीच सही करून घेतलं होतं.

पण खुर्ची कोरी होती. कांद्यापलीकडे तिने काही पाहिलं नव्हतं. मी झाकण बंद आहे ना पाहिलं, वर घडी घातलेलं ब्लँकेट टाकलं आणि म्हटलं, बसा आत्याबाई.

त्या बसल्या. खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात टेकले. पाठ टेकली. आणि घरून निघाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा सुख दिसलं. "ही खुर्ची बाकी मस्त हाय," म्हणाल्या. मग त्या तिच्यावरून उठल्याच नाहीत. त्या जागेवरून माझी तपासणी सुरू झाली.

पाणी कुठलं, विचारलं. मी फिल्टर आणून दाखवला. दिवा? पेट्रोमॅक्स आणला, भर उन्हात पेटवून दाखवला. पोरगी रांधील कशावर? मी स्टोव्ह आणला. स्टोव्हने मोठा भडका घेतला, तो विझवताना माझी भुवई थोडी गेली, पण चहा झाला. आंघोळीचा टब पाहून वडील म्हणाले, यात म्हैस बसते का? मग आत्याबाईंनी आवाज खाली आणला.

"बाबू, सकाळी लोकं कुठी जातेत?"

"डोंगरावर जातो आम्ही. दगड पाहायला."

"त्याच्या आंधी?"

"आधी चहा घेतो."

"अन् त्याच्याबी आंधी?"

मी म्हटलं, आधी देवाचं नाव घेतो. वडील दुसरीकडे पाहू लागले. आत्याबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या खरोखर ज्या वस्तूबद्दल विचारत होत्या, तिच्यावरच बसल्या होत्या, आणि मला सांगता येत नव्हतं. पाहुणीला कशावर बसवलं हे कोणत्या तोंडाने सांगणार? शिक्षणाचा असा एक तोटा असतो. माणसाला वस्तूचं खरं नाव माहीत असतं आणि तोंड उघडता येत नाही.

दुपारनंतर जेवणाचा प्रश्न आला. मी स्वयंपाक्याला कोंबडी सांगून ठेवली होती. पण त्यांच्यात रीत अशी की सोयरीक पक्की होईपर्यंत मुलाकडचा चहा चालतो, अन्न चालत नाही. वडिलांनी काखेतली पिशवी उघडली. जाडसर दळलेली कणीक, वांगी, तुरीची डाळ, डब्यात तूप. म्हणाले, आम्ही रोडगे लावतो, तुम्ही फक्त विस्तव आणि एखादं भांडं द्या. तुम्ही आमच्यात जेवा, त्याला हरकत नाही.

रोडगे लावणं हे आमच्याकडे पुरुषांचं काम. शेतात, झाडाखाली, गोवऱ्यांच्या विस्तवात. घरची बाई त्या दिवशी बसून खाते. शेजारच्या वाडीवरून गोवऱ्या आणल्या, तंबूंसमोर रोजच्या शेकोटीच्या जागी त्या रचल्या, आणि वडिलांनी धोतर वर खोचलं. रांधताना त्यांचा तोल वेगळाच. मघाशी खुर्चीत मिटलेला माणूस हा नव्हेच. स्वयंपाक्याला म्हणाले, कणीक भिजवायला परात आण गा.

स्वयंपाकी आत गेला आणि पांढरंशुभ्र, निळ्या काठाचं एनॅमलचं भांडं घेऊन आला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अभिमानाने सांगितलं की परात नागपुरातच राहिली होती, म्हणून दिवाळीपासून कणीक तो यातच भिजवतो. काठ उंच आहे, पीठ सांडत नाही, आणि वर ताटली झाकली की मुंगी लागत नाही. म्हणजे दिवाळीपासून माझी प्रत्येक पोळी. साहेबांचीही. मी मनात म्हटलं, कोरं आहे, कोरं आहे, कोरं आहे. वडिलांनी भांडं हातात घेऊन वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "माल चांगला हाय." आणि त्यात कणीक, ओवा, मीठ, तेल टाकून मळायला बसले.

ऊन उतरलं. गोवऱ्यांचे निखारे झाले. वडिलांनी रोडगे निखाऱ्यांत पुरले, वर राख ओढली. वांग्याची भाजी चुलीवर रटरटू लागली. जंगलातला गारठा उतरायला लागला तशी आम्ही आत्याबाईंची खुर्ची त्यांच्यासकट उचलून शेकोटीजवळ नेली. त्यांना ते फार आवडलं. एखादी राणी निघावी तशा त्या निघाल्या. रोडगे निघाले, राख झटकली, कापडात धरून फोडले, तुपात बुडवले. आत्याबाई मांडीवर ताट घेऊन, पाय शेकत, खुर्चीवर ऐटीत बसून जेवू लागल्या. मला म्हणाल्या, सगळं चांगलं आहे बाबू, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस, आणि ते देईपर्यंत पोरगी मिळायची नाही. मी त्यांच्या ताटात आणखी तूप वाढलं.

नेमकी त्या वेळी जीप साहेबांना घेऊन आली.

साहेब उतरले, शेकोटीकडे दोन पावलं आले आणि थबकले. त्यांनी काय पाहिलं असेल ते मला आज कळतं. आपल्या नावावरची ती खुर्ची उघड्यावर, शेकोटीच्या उजेडात. तिच्यावर एक वयस्क बाई पदर सावरून बसलेली. आणि सभोवती आम्ही सगळे मांडी घालून मजेत जेवतोय. साहेब भला माणूस. त्यांनी चट्कन पाठ फिरवली, जीपमध्ये जाऊन बसले आणि जंगलाकडे तोंड करून बसून राहिले.

आत्याबाई म्हणाल्या, "थे साहेब काहून तिकडं तोंड करून बसून राहिले? थंडी वाजत असन त्याईले. बोलाव गा."

मी गेलो. साहेब हलक्या आवाजात, माझ्याकडेही न पाहता म्हणाले, "माताजी का हो जाए, फिर आता हूँ।"

मी म्हटलं, साहेब, त्या नुसत्या बसल्या आहेत.

"वही तो," साहेब म्हणाले. "आराम से। कोई जल्दी नहीं।"

मला वाटलं होतं, मी एकटाच आलोय. पण साहेबांना बोलवायला मुलीचे वडीलही माझ्या मागे आले होते, हातात त्यांच्यासाठी तुपातला रोडगा घेऊन. त्यांनी आपल्या नागपुरी हिंदीत विचारलं, "हो जाए मतलब? क्या हो जाए?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. जमिनीचाच अभ्यास माझा. शेवटी साहेबांनीच फार सभ्य शब्दांत, हाताने भोकाचा आकार दाखवत, ती खुर्ची कशासाठी असते ते सांगितलं.

वडिलांनी आधी लांबून खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. रोडगा त्यांनी जीपच्या बॉनेटवर ठेवला, दोन्ही हातांनी बॉनेट धरलं आणि हसता हसता जवळजवळ खाली बसले. मी त्यांना धरून म्हणत होतो, मामाजी, आत्याबाईंना नका सांगू. पण भाऊ तो भाऊ. जन्मभर जिचा शब्द शेवटचा, तिला सांगायला मिळालेली गोष्ट तो सोडेल कसा? तिथूनच ओरडत गेले, "बाई, तू कशावर बसून जेवून राहिली, माईत हाय का?"

आणि सांगितलं. सगळं.

स्वयंपाक्याचं तोंड उघडं राहिलं, त्याने तर त्या खुर्चीवर अख्ख्या हंगामाचे कांदे चिरले होते. मी मनातल्या मनात हुडकेश्वरला रामराम ठोकला.

आत्याबाईंनी ताट बाजूला ठेवलं. हात पुसले. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उभ्या राहिल्या, कुणाचा आधार न घेता. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या.

"बसूनच?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बसूनच.

"उकिडवं नाही बसा लागत?"

"नाही."

"अन् आडोसा केला तं घरातच?"

"घरातच. तंबूतसुद्धा."

त्यांनी ब्लँकेट काढलं, झाकण उचललं, आत वाकून पाहिलं. "याच्यात तं काहीच नाही. याचं भांडं कुठी हाय?"

सगळ्यांच्या नजरा आपोआप निखाऱ्यांपाशी गेल्या, जिथे पांढरंशुभ्र, निळ्या काठाचं भांडं तळाशी उरलेली थोडी कणीक घेऊन बसलं होतं. वडिलांचं हसू एकदम थांबलं. साहेब तोवर शेकोटीपाशी आले होते, रोडग्याचा पहिला घास त्यांच्या तोंडात होता. "आटा?" त्यांनी स्वयंपाक्याला विचारलं. तो म्हणाला, "जी, इसी में।" "रोज़?" "जी, रोज।" साहेबांनी डोळे मिटले.

आता मात्र मला बोलणं भाग होतं. मी सांगितलं की वस्तू कोरी आहे, मी सीलबंद उतरवून घेतली, एकदाही वापरलेली नाही. स्वयंपाक्याने भांडं उलटं करून तळ दाखवला. त्यावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती, काठाकाठाने कणकेत माखलेली. ती चिठ्ठी पाहून साहेबांनी डोळे उघडले आणि उरलेला रोडगा तुपात बुडवला.

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "सकाळपासून मी काय विचारून राहिली तुले? अन् सोय तं तू माह्या बुडाखाली ठेवली. काहून नाही सांगितलं?"

बी.एस्सी.ला असे प्रश्न नव्हते.

मग त्या खुर्चीच्या हातावर तळवा फिरवत, काहीशा स्वतःशीच म्हणाल्या, "रोज सकाळी वावराच्या कुपाटीले धरून उठतो मी. कधी कधी उठताच येत नाही, मंग कोणी येते तं येते. या कामाले खुर्ची असते, हे कोणी सांगितलंच नाही बाप्पा." वडील विस्तवात काडी घालून उगाच राख सारखी करत राहिले.

झाकण खाली टाकून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पोरगी देल्ली. पण भांडं खुर्चीत जाईन, अन् कणकेची परात आम्ही देऊ."

आणि खुर्चीवर बसून त्यांनी आणखी एक रोडगा मागितला. सोयरीक ठरली तशी रीतही सुटली, आणि स्वयंपाक्याने दुपारीच करून ठेवलेल्या कोंबडीचा रस्सा सगळ्यांना वाढला. साहेबांनी तो खाण्याआधी विचारून घेतलं की तो कशात शिजवलाय.

लग्नात आत्याबाईंनी पितळेची परात दिली, एवढी मोठी की बायको कॅम्पला आली तेव्हा परात जीपच्या टपावर बांधून आणावी लागली. मी सुताराला मापं देऊन तशीच सागवानी खुर्ची करून घेतली आणि आत्याबाईंना पाठवली. सुताराने विचारलं, मधे भोक कशाला? मी म्हटलं, हवा लागते.

आत्याबाईंना ती इतकी आवडली की पुढच्या वर्षी त्यांनी तशीच आणखी एक करवून घेतली, ती ओसरीत पाहुण्यांसाठी. म्हणाल्या, गुडघे गेलेले लोक माझ्यासारखे आणखीही येतात बसायला. संक्रांतीला मी जावई म्हणून गेलो तेव्हा मला मान देऊन त्याच खुर्चीवर बसवलं, वर ब्लँकेट घडी घालून. दोन्ही खुर्च्या तंतोतंत सारख्या. मी बसायच्या आधी ब्लँकेटचं टोक जरा उचललं.

"बस, बस," आत्याबाई म्हणाल्या. "थे दुसरी आत हाय."